मास्तरांची चौकशी

चिमणाबाईंनी चहाबरोबर बेसनाचा लाडू आणला, तेव्हाच अंजनाक्कांना कळलं की घोटाळा झालाय.

नुसता चहा माणूस कुणालाही देतो. वीजबिल घेऊन आलेल्यालाही देतो. लाडवाचं तसं नसतं. शिवाय लाडवाच्या मागोमाग चिमणाबाईंचा मुलगा अभिनंदन बाहेर आला, तोही भर दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून आणि केसांना पाणी लावून. त्यानं वाकून नमस्कार केला आणि कुणी न सांगता खुर्चीच्या टोकावर बसला.

"ह्यो आमचा अभि," चिमणाबाई म्हणाल्या. "पतसंस्थेत पर्मनंट हाय. चष्मा हाय, पण नंबर एकदम बारीक. सुपारीसुदीक खाईत न्हाय."

"चिमणाबाई, मी त्यासाठी आले न्हाय."

"असू दे की. तुमी आधी लाडू खावा. मुलगी कुठली म्हणायची?"

"मुलगी न्हाय. साठ पोरं हाईत."

अभिनंदन खुर्चीच्या टोकावरून आणखी टोकाला सरकला.

चूक अंजनाक्कांची नव्हती आणि चिमणाबाईंचीही नव्हती. अंजनाक्का गेली कित्येक वर्षं गंगावेशीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर साड्यांना फॉल-पिको करून देत होत्या. फॉल लागेपर्यंत बाई बसून राहते, आणि बसलेली बाई बोलते. त्या बोलण्यातून पेठेतल्या बहुतेक घरांची माहिती अंजनाक्कांकडे आपोआप जमा झाली होती. त्यामुळे कुणाला स्थळ आलं की आधी अंजनाक्कांकडे निरोप जायचा, "जरा चौकशी करा की." त्या शेजारपाजारी जाऊन विचारायच्या, पिठाच्या गिरणीत विचारायच्या, आणि आठवड्याच्या आत निकाल द्यायच्या. स्थळ नाकारायचं असेल तर त्या फक्त "पत्रिका जमत न्हाय" म्हणत. मुलाची दारू, मुलीचं दुसरीकडे गुंतलेलं मन, होणाऱ्या सासूचा स्वभाव, सगळं तेवढ्यात बसायचं. दोष ग्रहांवर जायचा, आणि ग्रह कोल्हापुरात राहत नसल्यामुळे भांडायला येत नसत.

तेव्हा अंजनाक्का कुणाच्या गल्लीत शिरून एखाद्या तरुणाबद्दल विचारू लागल्या, तर गल्लीनं काय समजायचं?

यंदाची चौकशी वेगळी होती, एवढंच. पंचगंगा बालमित्र मंडळाचं दहा दिवसांचं शिबिर दर मे महिन्यात पन्हाळ्यावर भरत असे. ते सुरू केलं होतं अंजनाक्कांच्या मालकांनीच, म्हणजे तवनाप्पा मास्तरांनी. मास्तर हायस्कुलात ड्रिलचे शिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते रस्त्यानं चालताना मागून लेझीम पथक येत असावं असं वाटे. वर्षातले साडेअकरा महिने ते त्या दहा दिवसांची वाट बघत. दिवाळी झाली की दोरखंड उन्हात घालत, संक्रांतीला शिट्टी धुऊन ठेवत.

आजवर शिबिर तंबूत भरायचं. दोन हजार दोन साली पुण्याच्या एका ट्रस्टनं पन्हाळ्यावरची आपली इमारत मंडळाला वापरायला द्यायचं कबूल केलं. पलंग, संडास, स्वयंपाकघर, सगळं फुकट. अट एकच होती: पोरांबरोबर राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची आधी चौकशी झाली पाहिजे, आणि त्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं पाहिजे.

मंडळाचे अध्यक्ष गणपतराव हे गुळाचे अडते. प्रशिक्षण म्हणजे काय ते त्यांना नीट कळलं नाही, पण चौकशी लगेच कळली. त्यांच्या तिन्ही मुलींची लग्नं अंजनाक्कांच्या चौकशीवर झाली होती.

"वहिनी, हे तुमचंच काम," ते ओसरीवर येऊन म्हणाले. "आमाला दुसरं कोण हाय?"

ट्रस्टनं त्यांच्याबरोबर आदिती नावाची एक मुलगी पाठवली होती. मूळची कुरुंदवाडची, शिकून पुण्यात राहिलेली. तिनं अंजनाक्कांना कामाचं स्वरूप सांगितलं.

"पगार किती, शेती किती, हे मला नको अक्का."

"बरं. घराणं?"

"तेपण नको."

"मग चौकशी कसली करायची गं?"

"पोरांच्यात एकटा असला की कसा वागतो, आणि राग आला की काय करतो. एवढंच. आणि नातेवाइकांना विचारू नका. ज्यांनी डोळ्यानं बघितलंय त्यांना विचारा."

 एवढ्या वर्षांत कुठल्याही मुलीच्या बापानं अंजनाक्कांना असलं काही विचारायला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं, पण तोवर बरीच लग्नं होऊन गेली होती.

मग सुरू झाला तो सगळा लाडवांचा प्रकार. अभिनंदनचा गैरसमज मिटला. त्याच्या गल्लीतल्या पोरांच्या आया त्याच्याबद्दल चांगलं बोलल्या. राग आला की अभिनंदन काय करतो, तर घराबाहेर जाऊन सायकल पुसतो. सायकल गल्लीत सर्वांत स्वच्छ होती, पण तक्रार कुणाची नव्हती. सयाजीचं मात्र अवघड झालं. सयाजी रिक्षावाला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. अंजनाक्का त्याच्याबद्दल रिक्षा स्टँडवर विचारून आल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सयाजीची बायको हातात साडी घेऊन ओसरीवर हजर झाली. साडीला फॉल आधीच लावलेला होता.

"कोण हाय ती?" तिनं उभ्या उभ्या विचारलं.

"कोण कोण?"

"जिच्यासाठी ह्यांची चौकशी चाललीया. पहिली जित्ती हाय म्हणून सांगा तिला."

अंजनाक्कांनी तिला बसवलं, पाणी दिलं, शिबिराचं समजावून सांगितलं. बाई शांत झाली आणि मग हसायलाच लागली.

"दहा दिस पोरं सांभाळणार? आमचा थोरला कितवीत हाय, ते इचारा त्यांस्नी. येवढंच इचारा."

अंजनाक्कांनी विचारलं. सयाजीनं बराच वेळ बोटं मोडली आणि "मराठी शाळेत हाय" एवढं खात्रीनं सांगितलं. त्याला त्या म्हणाल्या, "पत्रिका जमली न्हाय बघ." सयाजी समाधानानं गेला. शिबिराला पत्रिका कशाला लागते, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

यादीतली सगळी नावं संपली. शेवटी एक राहिलं.

"मास्तरांची चौकशी?" गणपतराव आदितीला म्हणाले. "बाई, म्हंजे अंबाबाईला तिच्याच देवळात वळखपत्र मागितल्यासारखं झालं."

"जुने-नवे सगळेच, असं ठरलंय," आदिती म्हणाली. "फक्त अक्कांनी करू नये. त्या घरच्या आहेत."

"मग कोण करणार? गावात दुसरं माणूसच न्हाय. सगळ्या गावानं त्यांच्या हातचा मार खाल्लाय!"

हे गणपतराव कौतुकानं म्हणाले. आदितीनं त्यांच्याकडं बघितलं, मग अंजनाक्कांकडं बघितलं, आणि यादी त्यांच्यापुढं सरकवली.

मास्तर आतल्या खोलीत दोरखंडाला तेल लावत होते. तिथूनच ओरडले, "कर की गं! लग्नाआधी माझी चौकशी तुज्या बापानं केली न्हाय, फकस्त शेताची विहीर बघून गेला. आता तू तरी कर."

सगळे हसले. अंजनाक्काही हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कृष्णातच्या किराणा दुकानात गेल्या. कृष्णात शाळेत असताना तीन उन्हाळे शिबिराला गेला होता. आता त्याच्या डोक्यावरचे केस जाऊन पोटाला आकार आला होता. अंजनाक्का डाव्या बाजूला उभ्या राहून हाका मारत होत्या, तो तूरडाळ जोखण्यात गुंग. हे नेहमीचंच होतं. माणूस जरा शिष्ट आहे, असं त्यांचं जुनं मत होतं. शेवटी त्यांनी फळीवर थाप मारली.

"अवो, अक्का! या, ह्या अंगाला या. हिकडनं बोला, हिकडनं बरं ऐकू येतंय."

अंजनाक्का उजव्या बाजूला गेल्या आणि काम सांगितलं.

"मास्तरांची चौकशी?" कृष्णात हसत सुटला. "घरात भांडाण झालंय काय?"

"न्हाय रे बाबा. सगळ्यांची करायलोय, त्यांचीबी करायची."

"मग लिवून घ्या. देव माणूस."

"लिहायचं न्हाय. मला एवढंच सांग, राग आला की काय करत्यात?"

"काय करत्यात म्हंजे? ठेवून देत्यात की!" कृष्णातनं डाळ लागलेला पंजा हवेत फिरवला. "आसला आवाज याचा अक्का, तटावरची पाखरं उडायची. आमच्या तुकडीत मास्तरांची थप्पड न खाल्लेलं पोरगं दावा, मी दुकान लिवून देतो. म्हणून तर माणसात आलो. आताची पोरं बघा, आई म्हणती जेव, तर टीव्हीकडं बघतंय."

"तुला ऐकू कमी कधीपासनं येतंय रे?"

"हे? हे जुनंच हाय. सहावीत असताना."

"ताप आला होता?"

"न्हाय वो. पन्हाळ्यावरच की. रातच्याला मी तंबूतनं भाईर पळालो आन् मास्तरांनी धरला." त्यानं डाळ पुडीत ओतली. "मास्तरांनी गालावरच मारली होती. मीच हाललो. सरळ हुबा ऱ्हायलो असतो तर गालावरच बसली असती."

तो हे असं बोलला, जसं एखादा माणूस कपबशी फुटल्यावर आपला धक्का लागल्याचं सांगतो. मग त्यानं पुडीला दोरा गुंडाळला आणि जरा वाकून म्हणाला, "मास्तरांची काय चूक न्हाय त्यात. तेवढं लिवू नगा."

"लिहायचं न्हाय म्हटलं की," अंजनाक्का म्हणाल्या.

त्या दिवशी त्या आणखी काही जणांकडे गेल्या. एक जण कारखान्यात फोरमन होता, एकाचं सराफी दुकान होतं, एक नगरसेवक झाला होता आणि त्याला भेटायला थांबावं लागलं. सगळे मास्तरांचं नाव काढताच खुलले. प्रत्येकानं आपापल्या थपडेची गोष्ट सांगितली. ह्या गोष्टी अंजनाक्कांना पाठ होत्या. शिबिराहून आल्यावर मास्तर स्वतःच त्या रंगवून सांगत, आणि त्या भाकरी वाढता वाढता हसत. आज त्यांना फक्त एक गोष्ट नवी दिसली. गोष्ट सांगताना प्रत्येकाचा हात आपोआप गालावर जात होता. नगरसेवकाचासुद्धा गेला. तो हसत होता, आणि हात गालावरून काढायचं विसरला होता.

मास्तरांचं घर जैन, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत होई. त्या संध्याकाळी अंजनाक्कांनी ताटं घेतली तेव्हा ऊन समोरच्या घराच्या कौलांवर चढलं होतं.

"झाली चौकशी?" मास्तरांनी भाकरी मोडली.

"झाली."

"काय म्हणत्यात लोक?"

"सगळी चांगलंच म्हणत्यात."

"मग तोंड का असं?"

"कृष्णातला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय."

मास्तर घास चावत राहिले. "कुठला कृष्णात? किराणावाला? मला वाटलं, त्यो शिष्ट हाय."

"मलाबी तसंच वाटायचं."

"कवापासनं?"

"सहावीत असल्यापासनं. तंबूतनं पळाला होता, तवापासनं."

मास्तरांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मग मास्तर म्हणाले, "त्यो हालला असंल. मी गालावर मारतो. कानावर कधी मारत न्हाय. त्यानं मान फिरवली असंल."

"त्योबी तेच म्हणतोय," अंजनाक्का म्हणाल्या.

ऊन कौलांवरूनही गेलं. मास्तरांच्या ताटात अर्धी भाकरी शिल्लक होती. ताटात काही टाकायचं नाही, हा त्यांचा एक नेम होता, आणि मावळल्यावर खायचं नाही, हा दुसरा. दोन्ही नेम आयुष्यात पहिल्यांदाच समोरासमोर आले. मास्तर ताटाकडे बघत बसले. शेवटी अंजनाक्कांनी ती अर्धी भाकरी उचलली आणि बाहेर गाईला घालून आल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर कृष्णातच्या दुकानात जाऊन आले. काय बोलणं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. येताना पाव किलो शेंगदाणे आणले. घरात डबाभर शेंगदाणे होते.

मंडळाची बैठक गणपतरावांच्या अडतीत झाली. गुळाच्या ढेपांना टेकून सगळे बसले. अंजनाक्कांनी एकेकाचं नाव घेऊन निकाल दिले. अभिनंदन चालेल, अमका चालेल, तमका नको. मास्तर समोरच बसले होते.

"आणि आमचे हे," अंजनाक्का म्हणाल्या, "पोरांवर लई जीव हाय. पोरांसाठी रात-रात जागतील. पण राग आला की मारत्यात. तसं चौकशीत निघालं."

"ह्यात निघालं काय?" गणपतराव उसळले. "वहिनी, हे तर रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत छापलंय! मी सोता लेख लिवलाय! फोटोबी हाय!"

"व्हय. मीच फोटो दिला होता."

"मग?"

"मग काय? आदितीबाईंनी विचारलेलं, ते सांगितलं. एका पोराचा कान गेलाय."

कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. गणपतराव जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, पण त्यांचा हळू आवाज अडतीच्या बाहेर हमालांनाही ऐकू जात असे. "वहिनी, पत्रिका जमत न्हाय म्हणून टाका की. निदान मास्तरांची अब्रू ऱ्हाईल."

"त्यांची पत्रिका मी जमवून बसलेय, गणपतराव. आता कुठली काढू?"

मास्तर पहिल्यांदा बोलले. "बरोबर बोलली ती. म्होरं चला."

आदितीनं मधला मार्ग काढला. मास्तरांनी सगळ्यांबरोबर प्रशिक्षणाला बसावं आणि शेवटी सगळे घेतील ती शपथ घ्यावी. शपथ घेतली की तिची हरकत नव्हती. गणपतरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांनी स्वतः आयुष्यात बऱ्याच शपथा घेतल्या होत्या आणि एकीचाही त्यांना त्रास झाला नव्हता.

प्रशिक्षणासाठी एक मंगल कार्यालय मिळालं. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. स्टेजच्या मागं नवरा-नवरीची थर्माकोलची नावं तशीच होती, आणि त्याखाली उभी राहून आदिती सांगत होती की, एका पोराबरोबर एकट्यानं बंद खोलीत थांबायचं नाही, कितीही चांगल्या कारणासाठी असलं तरी.

"आणि पोरगं रडाय लागलं तर?" अभिनंदननं विचारलं.

"दार उघडं ठेवून समजूत काढायची."

"आणि आपल्याला रडू आलं तर?"

"तरीपण दार उघडंच."

मास्तर शेवटच्या रांगेत ताठ बसले होते. दोन दिवस त्यांनी एकही डुलकी घेतली नाही. गणपतराव घेत होते. अंजनाक्का दाराजवळ चहाच्या किटलीपाशी बसून मालकांकडे बघत होत्या. हे एवढं मन लावून ऐकताना त्यांनी मास्तरांना लग्नाच्या मंगलाष्टकांतही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आदितीनं विचारलं, "समजा, एक पोरगं सारखं तटाच्या कडेला पळतंय. काय कराल?"

कुणी म्हणालं, समजावू. कुणी म्हणालं, शिट्टी वाजवू. एक जण म्हणाला, आधी तटावर नेऊच नये. त्याला बाकीच्यांनी गप्प बसवलं.

"मास्तर, तुम्ही?"

"मी एक ठेवून देईन," मास्तर म्हणाले.

हॉल हसला. आदिती हसली नाही. "मग काय होईल?"

"परत तिकडं जाणार न्हाय."

"नक्की?"

 मास्तरांनी बराच विचार केला. पंधरा-वीस माणसं त्यांच्याकडे वळून बघत होती, ह्याची त्यांना सवयच होती.

"मी असंन तवा जाणार न्हाय," ते म्हणाले. "मी नसंन तवा जाईल. आन् मला कळू देणार न्हाय."

आदितीनं मान हलवली आणि पुढच्या विषयाकडे वळली. अंजनाक्कांनी किटलीचं झाकण लावलं.

संध्याकाळी शपथ झाली. शिबिरात कुठल्याही मुलावर कुठल्याही कारणानं हात उचलणार नाही, अशी ती होती, आणि ती हात उचलून घ्यायची होती. सगळे उभे राहिले. हात वर गेले. गणपतराव शिबिरात राहणार नव्हते, तरी त्यांचे दोन्ही वर गेले. शेवटच्या रांगेत मास्तर उभे होते, हात शिवणीला लावून, सावधानमध्ये.

"मास्तर, उचला की," गणपतराव पुटपुटले. सगळ्या हॉलला ऐकू आलं. "सगळ्यांनी उचललाय."

"सगळी उचलतील. दहा दिस लई असत्यात, गणपतराव."

"अवो, नुसतं म्हणायचं असतंय!"

"तेच की. मी मुनीमहाराजांच्या म्होरं नेम घेतलाय, खोटं बोलणार न्हाय म्हणून. तुमाला ठाऊक हाय." मास्तर आदितीकडे वळले. "बाई, तुमचं बोलणं मला पटलंय. डोक्याला पटलंय. पण ह्यो हात डोक्याला इचारत न्हाय, हे मी इतकी वर्सं बघतोय. सात-आठ दिस कळ काढीन. नवव्या दिवशी कुणीतरी पळंल, आन् ह्यो उठंल. मग तुमची शपथ मोडणार, आन् माझा नेमबी. त्यापरास मी येत न्हाय."

"पुढच्या वर्षी पुन्हा या प्रशिक्षणाला," आदिती म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता.

"बघू. दोरखंड घेऊन जावा माज्याकडचा. तेल लावून ठेवलाय."

ते चप्पल घालून बाहेर पडले. अंजनाक्का किटली तशीच सोडून त्यांच्या मागं गेल्या.  वाटेत पापाच्या तिकटीला रस्ता ओलांडताना मास्तरांनी त्यांचा दंड धरला, आणि ओलांडून झाल्यावर नेहमीसारखा लगेच सोडला नाही.

मे महिन्यात शिबिर सुरू झालं. दोघांनी त्याबद्दल बोलायचं नाही, असं न ठरवता ठरलं. मधल्या रविवारी मास्तर सकाळीच आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बसले.

"पालकांचा दिवस हाय आज," ते म्हणाले. "नुसतं लांबनं बघून येऊ. इमारत कशी हाय, काय हाय."

एसटीनं दोघं पन्हाळ्यावर गेले. वर वारं होतं. नाक्यावर एक बाई पळसाच्या द्रोणात करवंदं विकत होती. मास्तरांनी दोन मोठे द्रोण घेतले, पोरांना वाटायला म्हणून. इमारत शोधायला वेळ लागला नाही. आतून गलका ऐकू येत होता. भोवती कंपाउंडची भिंत होती, आणि पुढं निळ्या रंगाचं लोखंडी फाटक. फाटकाशी गळ्यात कार्ड अडकवलेली एक मुलगी उभी होती. कोडोलीची रक्षिता, तिकडच्या मुलींचं प्रशिक्षण आदितीनं तिकडंच घेतलं होतं, आणि तिची चौकशी अंजनाक्कांनी केली होती.

"अक्का! या की!" तिनं फाटक उघडलं आणि मास्तर पुढं झाले तसं परत ओढून घेतलं. "हे कोण?"

"आमचे मालक."

"कुठल्या पोराला भेटायचंय?"

"पोराला न्हाय. असंच आलोय," मास्तर म्हणाले.

"मग आत सोडता येत न्हाय, आजोबा. पालक न्हाईतर यादीतलं माणूस, एवढीच."

"अगं, मालक हाईत म्हटलं की माझे," अंजनाक्का म्हणाल्या.

"मालक असले तरी यादीत न्हाईत, अक्का." मुलीचे कान लाल झाले होते, पण फाटकावरचा हात हलला नाही. "तुमी हाईसा. तुमी या."

अंजनाक्का तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तरांनी त्यांच्या कोपराला हात लावला.

"बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "मग ही करवंदं तेवढी पोरांस्नी दे."

"बाहेरचं खायला घ्यायचं न्हाय, आजोबा. तसं सांगितलंय."

"बरोबर हाय."

फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक बुटकी दगडी भिंत होती. मास्तर तिच्यावर जाऊन बसले. अंजनाक्का थोडा वेळ फाटकात उभ्या राहिल्या, मग त्याही रस्ता ओलांडून शेजारी बसल्या. आत अभिनंदन पोरांना रांगेत उभं करायचा प्रयत्न करत होता. रांग वाकडी होती. एक पोरगं सारखं रांग सोडून पळत होतं, आणि अभिनंदन त्याच्या मागं पळत होता. रांगेतली बाकीची पोरं खदाखदा हसत होती, आणि थोड्या वेळानं अभिनंदनही हसायला लागला.

"चांगली उभी केलीया गेटवर पोरगी," मास्तर म्हणाले. "हालत न्हाय."

"तुमी आत गेला असता तर मला बरं वाटलं असतं."

"मलाबी," मास्तर म्हणाले, आणि द्रोण दोघांच्या मध्ये ठेवले.

दोघं करवंदं खात बसले. बोटं जांभळी झाली. थोड्या वेळानं रक्षिता फाटकाला कडी लावून, तांब्या-भांडं घेऊन रस्ता ओलांडून आली.

"पाणी द्यायला न्हाय म्हणून सांगितलेलं न्हाय," ती म्हणाली.

मास्तरांनी भांडं दोन्ही हातांनी घेतलं. ती उभी राहिली, फाटकावर एक नजर ठेवून. काहीतरी बोलावं म्हणून तिनं विचारलं, "आजोबा, तुमी आधी कधी आलतासा काय शिबिराला?"

मास्तरांनी भांडं रिकामं केलं, तळाचं पाणी भिंतीच्या कडेला उगवलेल्या गवतावर ओतलं आणि भांडं तिच्या हातात दिलं.

"आलतो की," ते म्हणाले. "पण तवा गेटच न्हवतं."